पॅर-ए एटीपी वापरतं, पण प्लास्मिड ओढायला नाही

साताऱ्याहून तुम्ही विचारलंय की "पॅर-ए हे प्रथिन एटीपीच्या ऊर्जेनं प्लास्मिड पेशीच्या दोन टोकांना ओढून नेतं" असं परीक्षेत लिहिलं तर चालेल का. मार्क मिळतीलही, पण ते बरोबर नाही. सांगलीत शिकवताना मीसुद्धा बरीच वर्षं फळ्यावर दोऱ्या काढायचो, त्यामुळे ही चूक माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

प्लास्मिड म्हणजे जीवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरचं वेगळं डीएनए, आणि एटीपी म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू. मुळात प्लास्मिड वाटून देणारी ही यंत्रणा लागते कुणाला? विभाजनाच्या वेळी प्लास्मिडच्या प्रतींची संख्या 'न' असेल आणि वाटणी नशिबावर सोडली, तर एका लेकपेशीच्या हाती काहीच न येण्याची शक्यता २ भागिले २ चा 'न' वा घात. २० प्रती असल्या तर पाच लाखांत एकदा, म्हणून पीयूसीसारख्या भरपूर प्रतींच्या प्लास्मिडना काळजी नसते. दोनच असल्या तर थेट निम्मी शक्यता. एफ आणि पी१ सारख्या कमी प्रतींच्या प्लास्मिडना म्हणूनच वाटणीची सोय करावी लागते.

पी१ मध्ये तिघं आहेत. पॅर-एस हा डीएनएवरचा ठरावीक तुकडा, त्यावर बसणारं पॅर-बी, आणि पॅर-ए. (एफ मध्ये सॉप-सी, सॉप-बी, सॉप-ए.) एटीपी बांधलं की पॅर-एची जोडी जमते आणि ती न्यूक्लिऑइडच्या, म्हणजे जीवाणूच्या गुणसूत्राच्या गुंडाळ्याच्या, डीएनएवर कुठंही बसते. प्लास्मिडवरचं पॅर-बी तिला धरतं आणि धरता धरताच तिचं एटीपी फोडायला लावतं. जोडी सुटते, डीएनएवरून निघते. सगळी मेख यापुढं आहे: नवं एटीपी मिळालं तरी पॅर-ए लगेच डीएनएवर बसत नाही. त्याचा आकार बदलायला वेळ लागतो, पी१ च्या पॅर-एला तर नळीतल्या प्रयोगात काही मिनिटं. तेवढा वेळ प्लास्मिडच्या मागची जागा मोकळीच राहते.

कृष्णाकाठच्या गवतात दोन शेळ्या सोडा. उभ्या जागचं संपलं की शेळी पुढं सरकते. मागं वळून उपयोग नाही, तिथं अजून उगवलेलं नाही. दुसरीच्या बाजूलाही तेच. न हाकलताच दोघी लांब होतात. फरक एवढाच की प्लास्मिडला पाय नाहीत. ते नुसतं थरथरतं, आणि जिकडं पॅर-ए शिल्लक आहे तिकडं अडकतं. एटीपी म्हणजे इथं इंधन कमी, कडी जास्त: बांधलं की बस, फुटलं की ऊठ. ही कडी बिघडली तर काय होतं पाहा. पी१ च्या पॅर-एचे काही उत्परिवर्ती असे आहेत, की वाटणीची यंत्रणाच नसताना हरवेल त्याहूनही लवकर प्लास्मिड हरवतं.

एडीपी (एटीपी फुटल्यावर उरतं ते) बांधलेलं पॅर-ए मात्र पी१ मध्ये वेगळंच काम करतं. स्वतःच्याच जनुकांच्या ऑपरेटरवर, म्हणजे ती चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर, बसून ती दाबून ठेवतं. हे पुस्तकात एका ओळीत उरकतात, मला विचाराल तर सगळ्यात सुंदर भाग हाच.

प्रश्न आर१ प्लास्मिडवर आला तर मात्र हे लिहू नका. तिथलं पॅर-एम हे प्रथिन ॲक्टिनसारखं (आपल्या पेशींतलं तंतू बनवणारं प्रथिन) आहे, खरेच तंतू वाढवतं आणि दोन प्लास्मिडना विरुद्ध दिशांना ढकलतं. म्हणजे तिथंही ओढणं नाहीच. ट्यूबझेड हे आणखी काही प्लास्मिडचं वाटणीचं प्रथिन तर एटीपीऐवजी त्याच्याच जातीच्या जीटीपीवर चालतं. आणि नोट्स २०१९ च्या आधीच्या असतील तर एक दुरुस्ती करून घ्या: पॅर-बी नुसतं डीएनए धरत नाही, ते सीटीपीही (एटीपीच्याच जातीचा रेणू) बांधतं आणि फोडतं.