नॅनोफायबरचा थर फिरवला की चमक का बदलते?

तुमचा प्रश्न असा: फिरत्या ड्रमवर गोळा केलेला नॅनोफायबरचा (अतिसूक्ष्म तंतूंचा) पातळ थर दिव्याखाली एका बाजूने चमकतो, 90 अंशांत फिरवला की फिका पडतो, स्थिर प्लेटवर घेतलेला थर मात्र कुठूनही सारखाच पांढरा. पॉलिमर एकच, नायलॉन, मग असं का? पुण्यात इलेक्ट्रोस्पिनिंग (उच्च विद्युतदाबाने पॉलिमरच्या द्रावणातून असे तंतू ओढणं) हेच माझं काम, म्हणून सांगतो.

फरक मटेरियलचा नाही, तंतू कसे पडलेत त्याचा आहे.

नायलॉनचा तंतू मुळात पारदर्शकच. पण त्याचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात शिरताना किती वळतो याचं माप) सुमारे 1.5, भोवतालच्या हवेचा 1, आणि जाडी काही शे नॅनोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास. त्यामुळे प्रकाश जोरात विखुरतो, या तंतूवरून त्या तंतूवर जातो आणि आपण आत कुठून शिरलो होतो हे पार विसरून बाहेर येतो. थरावर अल्कोहोलचा थेंब टाकून बघा. तेवढा भाग लगेच अर्धपारदर्शक होतो, कारण फटींमधल्या हवेच्या जागी 1.36 अपवर्तनांकाचा द्रव आला. वाळला की पुन्हा पांढरा.

आता दिशा. एकट्या तंतूवर प्रकाश काटकोनात पडला, तर तो तंतूला लंब असलेल्या प्रतलातच पसरतो, तंतूच्या लांबीकडे जवळजवळ नाही. तिरपा पडला तर तंतूभोवती शंकूसारखा. प्लेटवर तंतू वेडेवाकडे पडतात, सगळ्या दिशा मिसळतात आणि पृष्ठभाग कुठूनही सारखा उजळ दिसतो. ड्रमवर ते ओळीत येतात, म्हणून पैठणी हलवल्यावर झळाळी सरकावी तसं होतं (तिथे कारण वेगळं, ताण्याबाण्याचे रंग). लेझर पॉइंटर पातळ थरातून भिंतीवर मारा, डोळे सांभाळून: ठिपक्याऐवजी तंतूंना आडवी रेघ उमटेल. थर जाड केलात तर आतल्या आत इतकं विखुरणं होतं की ही दिशा बरीचशी पुसली जाते.

हा फरक मोजायला इंटिग्रेटिंग स्फिअरवर (आतून पांढऱ्या पोकळ गोलाच्या मापकावर) अवलंबून राहू नका. तो सगळ्या दिशांचा प्रकाश गोळा करून एकच आकडा देतो. तुम्हाला हवा तो फरक त्यातच बुडतो. कोन बदलून मोजा, आणि प्रत्येक वेळी तंतूंची दिशा वहीत लिहा. शिवाय थर ज्यावर गोळा केला त्या ॲल्युमिनियम फॉइलवरून सोडवून काळ्या कागदावर ठेवा, नाहीतर पातळ थरात तुम्ही बरीचशी फॉइलचीच चमक मोजत बसाल.