यजमानांची शुश्रूषा आणि परक्याचा हात

प्रश्न : माझे वय ७२ आणि यजमानांचे ७९. त्यांना काही वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. आम्ही दादरला लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या पंधरवड्यात त्यांचे चालणे जवळजवळ थांबले असून त्यांना उठवताना माझी कंबर धरते. तिन्हीसांजेला ‘घरी जायचंय’ असा हट्ट धरतात. ब्युरोचा (रुग्णसेवक पुरवणाऱ्या संस्थेचा) माणूस ठेवायचे म्हटले, तर दीर म्हणतात, बायको असताना परका कशाला? मी काय करावे?

उत्तर : ब्युरोचा विचार करण्याआधी डॉक्टरांना घरी बोलवा, आणि तेही लगेच. स्मृतिभ्रंशात चालणे सहसा महिनोन्‌महिने मंदावत जाते; ते पंधरवड्यात थांबले असेल, तर लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी, किंवा कधीतरी पडल्यामुळे मेंदूच्या आवरणाखाली साचलेले रक्त यांपैकी काही नाही ना, हे पाहावेच लागते. या वयात संसर्ग असूनही ताप येतोच असे नाही. रक्त-लघवीचे नमुने घरी येऊन नेतात, त्यामुळे तेवढ्यासाठी जिना उतरावा लागणार नाही. मात्र तोंड वाकडे झाले, एक बाजू लुळी पडली किंवा ते नेहमीपेक्षा गुंगीत वाटले, तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका मागवा.

त्यांना काखेत हात घालून ओढू नका. त्यात त्यांच्या खांद्याला आणि आपल्या मणक्याला इजा होते. आधी कुशीवर वळवावे, पाय पलंगाखाली सोडावेत, मग बसवावे आणि उभे करण्यापूर्वी थोडा वेळ तसेच बसू द्यावे, कारण एकदम उठल्याने रक्तदाब उतरून तोल जातो. ही रीत फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या आणि पलंगालगत कमोडची खुर्ची ठेवा.

आता दिरांविषयी. त्यांनी एक रात्र तुमच्या घरी काढावी आणि मग मत द्यावे. माणूस अवश्य ठेवा. एकाच पाळीचा खर्च झेपणार असेल, तर माझ्या मते रात्रीची पाळी घ्यावी, म्हणजे आपल्याला झोप मिळेल, आणि सकाळी जाण्यापूर्वी त्याच्याकडून अंघोळ व कपडे बदलणे करून घेता येईल. भरवण्याचे काम आपल्याकडेच ठेवा. ओळखीच्या हातून ते बहुधा अधिक जेवतील. पोलीस पडताळणीचे कागद मागा, आणि दर आठवड्याला माणूस बदलणार नाही हे ब्युरोकडून आधीच कबूल करून घ्या, कारण नवा चेहरा पाहून असे रुग्ण बिथरतात.

संध्याकाळच्या हट्टावर ‘हेच आपले घर’ असे समजावल्याने उपयोग होत नाही. अंधार पडण्यापूर्वीच दिवे लावा, लघवी लागली आहे का, भूक लागली आहे का ते पाहा, आणि त्यांना त्यांच्या लहानपणीच्या घराबद्दल विचारा : विहीर कुठे होती, ओटीवर कोण बसत असे. ‘चहा घेऊन निघू’ असे म्हणालात तरी चालेल. चहा होईपर्यंत निघण्याचा विषय बहुधा मागे पडलेला असतो.