बावीस पोरांचं नाटक बसवताना

सगळ्यांना सारखी वाक्यं वाटायच्या फंदात पडू नकोस. शाळेतल्या पोरांचं नाटक, पात्रं बावीस. त्यातल्या चार-पाच जणांवर गोष्ट पुढे सरकते, बाकीच्यांमुळे वर्ग उभा राहतो. म्हणून त्या बाकीच्यांनाच आधी काम दे. मागच्या बाकावरच्या मुलीला एकही वाक्य नसलं, तरी ती कोणाच्या वहीतून उतरवते, मधल्या सुट्टीत कोणाच्या डब्यात हात घालते, हे तिचं तिला ठाऊक हवं. नाहीतर ती प्रेक्षकांत आईला शोधत बसते.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. आपल्या इंदूरची पोरं आजीशी मराठी बोलतात आणि दोस्ताला ‘भिया’ म्हणून हाक मारतात. ते तसंच राहू दे. पुणेरी उच्चार घोटून घेतलेस की चेहरे कोरे पडतात, हे मी फार वेळा पाहिलंय.

तालमी गटागटाने घे, सगळे एकत्र फक्त रविवारी. कोण कुठल्या विंगेतून येतं-जातं याचा तक्ता विंगेतच चिकटव. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारीत सुरू होतात, तेव्हा प्रयोग गणपतीत किंवा दिवाळीआधी लाव. मोठ्या भूमिकांना बदली तयार ठेव. कपड्यांवर खर्च नको, घरचे गणवेश चालतात.