‘किती झालं गं?’ हा प्रश्न थांबवा

प्रश्न : ताई, आम्ही गंगापूर रोडला राहतो. मुलगी लीड्सला एक वर्षाचं एमएस्सी करतेय. सप्टेंबरात डिझर्टेशन (प्रबंध) द्यायचंय. तिच्याबरोबर चीनमधल्या चेंगडूची एक मुलगी राहते. ती हुशार आहे म्हणे, पण लॅपटॉप उघडते, फाइल उघडते आणि उठून ओटा घासायला लागते. आता आमचीही तेच करतेय. संगतीचा परिणाम असेल का? खोली बदलायला सांगू? मी रोज ‘किती झालं गं?’ विचारते, तर हल्ली फोनच उचलत नाही. (एक आई, नाशिक)

उत्तर : खोली मुळीच बदलायला लावू नका. ती पोर कुठून आलीय ते आधी बघा. चीनमध्ये विद्यापीठातला प्रवेश मुख्यतः जूनमधल्या ‘गाओकाओ’ परीक्षेच्या गुणांवर ठरतो. त्यासाठी कितीतरी शाळांत मुलं रात्री नऊ-दहापर्यंत वर्गातच अभ्यासाला बसतात. कधी काय वाचायचं ते शाळा ठरवते. आपल्या कॉलेज रोडच्या क्लासमधली बारावीची मुलंही टेस्टच्या तारखांवरच चालतात, पण तिकडचा जाच फार मोठा. अशा मुलीला विलायतेत एकदम सगळा उन्हाळा मोकळा मिळतो. विषय तिनं ठरवायचा, गाइडची वेळ तिनं मागायची, तारीख एकच आणि तीही शेवटची. वर हजारो शब्द परक्या भाषेत लिहायचे. पहिला परिच्छेद लिहिला की आपलं कच्चेपण डोळ्यांपुढे येतं, घरच्यांनी घातलेला पैसा आठवतो. ओटा घासताना तेवढा वेळ ती धास्ती सुटते. हा आळस नाही, ताई. तुमच्या लेकीचंही हेच चाललंय.

कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातले टिमोथी पिचिल आणि सहकाऱ्यांचा २०१० मधला अभ्यास मी पालकांना आवर्जून सांगते. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. पालकांना हे पटत नाही, मुलं सोकावतील असं वाटतं. पण स्वतःला दोष देत बसणारी मुलं त्या फाइलपासून आणखी लांब पळतात, हे मी समोर बसलेल्या मुलांत सतत पाहते.

म्हणून ‘किती झालं’ बंद. फोनवर गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय ते सांगा, जेवणाचं विचारा. ती आपणहून बोलली तर एवढंच सुचवा : दोघींनी एका टेबलावर बसावं, पाऊण तास लिहावं आणि जे खरडलं असेल ते एकमेकींना वाचून दाखवावं. याच आठवड्यात दोन कच्ची पानं गाइडला पाठवावीत, ‘अर्धवट आहे, दिशा बरोबर आहे का?’ एवढंच विचारून. नीटनेटकं होईपर्यंत थांबू नये, गाडी तिथेच अडते.

झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जायला सांगा. आणि मुदतवाढ लागणार असेल तर अर्ज तारीख उलटायच्या आत करायला हवा, हे मात्र तिला आजच कळवा.