मिनरल ऑइलवरून सिंथेटिककडे

प्रश्न : माझी १०० सीसीची स्प्लेंडर ४५,००० किलोमीटर चालली आहे, आजवर मिनरल ऑइलवरच. सिंथेटिक टाकायचं तर आधी इंजिन फ्लश करावं (आतून धुऊन काढावं) लागेल आणि नंतर क्लच घसरेल, असं मेकॅनिक सांगतो. खरं काय?

उत्तर : फ्लशची गरज नाही. दोन्ही ऑइलं एकमेकांत मिसळतात, तळाशी उरलेल्या थोड्या ऑइलने काही बिघडत नाही.

क्लच घसरतो तो चुकीच्या ऑइलमुळे. तुमच्या गाडीचा क्लच इंजिन ऑइलमध्येच भिजलेला असतो. कारच्या अनेक ऑइलांत घर्षण घटवणारी रसायनं असतात, त्यांनी क्लच प्लेटांची पकड जाते. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (ऑइलात भिजलेल्या क्लचसाठीचं जपानी मानक) नसेल तर घेऊच नका, कमी घर्षणाचं ‘एमबी’सुद्धा नको. ग्रेड (ऑइलचा दाटपणा) कंपनीने सांगितलेला १०डब्ल्यू-३०च ठेवा.

इंजिन कोमट करून तळाचा ड्रेन बोल्ट काढा, गाडी मेन स्टँडवर ठेवून ऑइल पूर्ण निथळू द्या. बोल्टचा वॉशर नवा घाला. मापापेक्षा थोडं कमी ओता, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, तितकाच वेळ थांबा आणि डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी बघा. वरच्या खुणेपुढे भरू नका.

जुने, कडक झालेले सील मात्र पाझरू शकतात. पहिले ५०० किलोमीटर गिअर शाफ्टजवळ लक्ष ठेवा. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर आधी पिस्टनच्या रिंग आणि व्हॉल्व्ह सील तपासा. महाग ऑइल तिथे नुसतं जळून जाईल.