गाठीचे चित्र आणि गाठीची नोंद

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. गणितातील गाठी माउसने रेखाटता येतील आणि फिरवून पाहता येतील, असा प्रोग्रॅम मला लिहायचा आहे. गाठ साठवण्यासाठी बिंदूंचे सहनिर्देशक पुरेसे आहेत का? धागा ओढताना तो दुसऱ्या भागातून आरपार जाऊ नये, यासाठी काय करावे?

उत्तर : चित्र काढण्यासाठी सहनिर्देशक हवेतच, पण केवळ त्यांवर विसंबू नये. गणितातील गाठ म्हणजे टोके जोडून बंद केलेला धागा. तो न तोडता कितीही ओढला तरी गाठ तीच राहते आणि सहनिर्देशक मात्र सगळे बदलतात. म्हणून आकृतीतील छेदांची, म्हणजे धाग्याचा एक भाग दुसऱ्यावरून जातो त्या जागांची, वेगळी नोंद ठेवावी. धाग्याच्या दिशेने जात, प्रत्येक छेदापाशी नवा तुकडा सुरू होतो असे मानून तुकड्यांना क्रमांक द्यावेत. मग प्रत्येक छेदाजवळ, खालून येणाऱ्या तुकड्यापासून घड्याळाच्या उलट दिशेने, तेथे भेटणारे चार क्रमांक लिहावेत. तीन छेदांच्या ट्रेफॉइल गाठीची नोंद (१,४,२,५), (३,६,४,१), (५,२,६,३) अशी होते. प्रत्येक क्रमांक बरोबर दोनदा यायला हवा, ही तपासणी प्रोग्रॅममध्ये पहिल्या दिवसापासून असावी. डाउकर-थिसलथ्वेट या दुसऱ्या नोंदपद्धतीत हीच गाठ केवळ ४, ६, २ अशी लिहिता येते. मात्र त्यातून गाठ आणि तिचे आरशातील प्रतिबिंब यांतला फरक कळत नाही, म्हणून मी पहिली पद्धत सुचवतो.

आरपार जाण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. लगतचे बिंदू स्प्रिंगप्रमाणे एकमेकांना ओढतात आणि दूरचे तुकडे एकमेकांना लोटतात, अशी रचना करतात. पण संगणक टप्प्याटप्प्याने चालत असल्यामुळे एका मोठ्या टप्प्यात धागा पलीकडे उडी मारू शकतो. लगत नसलेल्या कोणत्याही दोन रेषाखंडांमधील सर्वांत कमी अंतर काढावे आणि एका टप्प्यात एकही बिंदू त्याच्या निम्म्याइतका सरकू देऊ नये. रॉबर्ट शारीन यांच्या ‘नॉटप्लॉट’ या गाठी रेखाटण्याच्या प्रोग्रॅममध्येही सरकण्यावर अशीच मर्यादा आहे.

दोन आकृत्या एकाच गाठीच्या आहेत का, हे नुसत्या नोंदीवरून ठरत नाही. दहा छेदांच्या दोन गाठी एकोणिसाव्या शतकापासून वेगळ्या मानल्या जात होत्या; त्या एकच असल्याचे केनेथ पर्को यांनी १९७४ मध्ये दाखवले. यासाठी तुमची नोंद ‘स्नॅपपाय’ या गाठींचा अभ्यास करणाऱ्या प्रोग्रॅमला देता येईल, अशी सोय करावी. चार छेदांची गाठ दिल्यावर तिच्या पूरक अवकाशाचे (गाठ वगळून उरलेल्या अवकाशाचे) अतिपरवलयिक भूमितीतील घनफळ सुमारे २.०२९८ यायला हवे. ट्रेफॉइलवर मात्र ही चाचणी करू नये, कारण तिचे पूरक अवकाश अतिपरवलयिक (हायपरबोलिक) नसते, म्हणजे त्याला असे घनफळच नसते.