घाटमाथ्यावर निघालेल्या डॉक्टरास

प्रिय डॉक्टर,

बॉन्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष घाटमाथ्यावरच्या आरोग्य केंद्रात काढायचं म्हणून तू खट्टू झालास. आडगावात अभ्यास मागे पडेल, ही तुझी धास्ती. म्हणून थॉमस टेलरबद्दल लिहितो.

गंगेवरच्या नावेत जन्मलेला हा आयरिश माणूस डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात डॉक्टर झाला. १८१८ मध्ये विल्यम हूकर यांच्याबरोबर त्याने ‘मस्कोलॉजिया ब्रिटानिका’ हा मॉसवरचा, म्हणजे ओल्या भिंती-खडकांवर वाढणाऱ्या मखमली हिरव्या शेवाळासारख्या वनस्पतींवरचा ग्रंथ काढला. पुढे तो केरी परगण्यात, केनमेअरजवळ डंकेरनला राहायला गेला. तिथे सदा पाऊस, ओले खडक, ओकची रानं. विल्यम यांचा मुलगा जोसेफ हूकर याने अंटार्क्टिक मोहिमेतून आणलेल्या लिव्हरवर्ट (मॉसच्या जवळच्या छोट्या वनस्पती) आणि दगडफुलांवर टेलरने त्याच्याबरोबर काम केलं. त्या कामाला कुणी फावल्या वेळचा छंद म्हणतं, मला ते मुळीच पटत नाही.

तूही दहापट मोठं दाखवणारं भिंग घे. बारावीत वाचलेलं फ्युनारिया हे मॉस भिंतीवर सापडेल. त्याच्या पिकल्या बोंडाचं टोपण गळलं की तोंडाशी दातांच्या दोन झालरी दिसतात, प्रत्येकीत सोळा दात. त्यावर हलकेच उबदार श्वास सोड. ओल लागताच बाहेरचे दात हलतात, आत वळतात. हवा कोरडी झाली की पुन्हा उघडतात आणि बीजाणू सुटतात. एवढं बारीक बघायची सवय लागली की स्क्रब टायफसच्या, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या तापाच्या रुग्णाच्या काखेत, जांघेत लपलेली काळी खपलीही नजरेतून सहसा सुटत नाही. तुझ्या भागात तापाच्या रुग्णाला तपासताना ती शोधायचीच.

ओपीडीत माणसं थांबलेली असताना मात्र भिंग खिशात. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं, उपाशी माणसं वर्कहाउसांत, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयगृहांत कोंबली गेली. उवांमुळे पसरणारा टायफस हा वेगळा ताप तिथे थैमान घालत होता, आणि तो उवांमुळे पसरतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं. टेलर केनमेअरच्या वर्कहाउसमधल्या रुग्णांवर उपचार करत राहिला. १८४८ मध्ये तो तापानेच गेला. त्या माणसापुढे मी आजही मनोमन हात जोडतो.

मॉस प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नकोस, बुरशी धरते. कागदाच्या पुडीत सावलीत वाळव. वर जागा, तारीख आणि ते खडकावर होतं की सालीवर, एवढं लिही. वर्षांनी पाण्यात टाकलं तरी पानं उलगडतात. पाऊस ओसरताना केंद्राच्या कुंपणापासून सुरुवात कर. ओळख पटली नाही तर पुडी पाठव, दिवाळीत आलास की दोघं मिळून बघू.

तुझा,
सर